पाटीवरचं खरं वाक्य

१४ जुलै २०१३, रविवार

आज आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझी चोरचोळी केली. तिसरा महिना सरला की गाजावाजा न करता ओटी भरायची, चोळीचा खण द्यायचा. आईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि हिरवा खण, नारळ, तांदूळ माझ्या पदरात घातले.

मी म्हटलं, "आई, दार कशाला लावलं? घरात आपणच आहोत."

"चोरून करायची असते म्हणून. तसंही आपल्याकडे येतंय कोण?"

त्या बोलतात ते असं. हसावं की नाही, सहा वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. पण खरं आहे, ओवीचं कळल्यापासून बिल्डिंगमधल्या बायका हळदीकुंकवाला बोलवायचं विसरतात.

ओवी फ्रिजपासून सिलिंडरपर्यंत पाटीच्या पेन्सिलींची ओळ लावत बसली होती. माझी लेक, चार वर्षांची झाली. डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द उच्चारला त्याला वर्ष झालं. माझ्या पदरातले तांदूळ सांडले तेव्हा तिने मान वर केली, माझ्याकडे नाही, तांदळाकडे. एक एक दाणा उचलून ओळीला जोडला.

माझा नवरा वरद आत आला नाही. कुकर लावलेला होता, आणि शिट्ट्या संपेपर्यंत तो गॅलरीत उभा असतो. लहानपणापासूनची सवय आहे, आई म्हणतात.

ही वही आजपासून. गावच्या शाळेत मास्तर येत नसत, म्हणून चौथीपर्यंत मला बाबांनीच घरी शिकवलं. सूतगिरणीतून आले की पाटी पुढ्यात. गणित चुकलं की म्हणायचे, मागे जा, कोणत्या पायरीवर घसरलीस ते शोध. आणि रोज एक खरं वाक्य लिहायचं. खरं नसेल तर बाबा काही न बोलता तळहाताने पुसून टाकत. खरं असेल तर ते संध्याकाळपर्यंत पाटीवर राहत असे. मी एकदा 'माझी माय जगात सगळ्यांत सुंदर आहे' असं लिहिलं. तेही पुसलं. "तू जग पाहिलंस का? माहीत नसंल ते लिहायचं नाई." माय तीन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

आजचं खरं वाक्य: मला भीती वाटते.

२२ जुलै, सोमवार

डॉक्टरबाईंकडे गेले. जेवणानंतरची साखर थोडी वर आहे. ओवीच्या वेळी सातव्या महिन्यात वाढली होती, या वेळी आत्ताच.

मी वाचून गेले होते. ओवीचं त्यामुळे झालं का, ते विचारलंच. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "काही अभ्यासांत असं दिसतं की आईला मधुमेह असेल, वजन फार असेल, फॉलिक ॲसिड कमी पडलं असेल, तर मुलांत ऑटिझमचं प्रमाण थोडं जास्त आढळतं. आढळतं म्हणाले मी. त्यामुळेच होतं असं कोणी सिद्ध केलेलं नाही. साखर वाढलेल्या बहुतेक बायकांच्या मुलांना ऑटिझम नसतो. आणि बराचसा भाग घराण्यातून येतो."

"आमच्या घराण्यात कोणी नाही," मी सांगितलं. "मग माझ्या बाबतीत काय झालं असेल?"

"एका बाईच्या बाबतीत ते कोणालाच सांगता येत नाही."

"आणि या बाळाला?"

"शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. तरी बहुतेक भावंडांना नसतो. साखर सांभाळायची ती तुमच्या आणि बाळाच्या तब्येतीसाठी. थोडं थोडं, वेळेवर जेवायचं. उपाशी राहायचं नाही."

रिक्षात मी सगळ्याची मनात उजळणी केली. थोडं थोडं जेवायचं.

३ ऑगस्ट, शनिवार

आज वरद माझ्याशी नीट बोलला नाही. चूक माझी आहे की नाही ते ठरत नाही.

ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टिंगला आहे. ग्राहकाकडे गेल्यावर एखादा बग सापडला की आमच्याकडे आरसीए करतात. मूळ कारण शोधायचं, कोणाच्या हातून, कोणत्या टप्प्यावर. या कामात माझं नाव आहे. आमचे यज्ञेश्वर सर म्हणतात, "कारण सापडत नसेल तर बग श्रद्धाकडे द्या. ती जेवणार नाही, पण शोधेल."

ओवीच्या वेळचे नऊ महिने मी तसेच एका एक्सेल शीटमध्ये मांडले होते. गोळ्या दुसऱ्या महिन्यात सुरू झाल्या, उशिरा. रोज सकाळी आईंच्या हातचा साजूक तुपातला शिरा. सातव्यात साखर. पाचव्यात दोन दिवस ताप. पेन्सिली. वरद त्याच लॅपटॉपवर लाइटचं बिल भरायला बसला आणि त्याला शीट दिसली. वर नाव होतं, 'ओवी आरसीए'.

त्याने ते नाव मोठ्याने वाचलं. मग म्हणाला, "ओवीचं आरसीए? ओवी काय ग्राहकाकडे सापडलेला बग आहे का?"

"तसं नाही रे. कारण कळलं तर या वेळी टाळता येईल."

"मग त्यात मी कुठे आहे? माझा एकही कॉलम नाही."

"तुझा काय संबंध? तुझ्या पोटात होती का?"

तो उठून गेला. दहा वर्षं डब्यात पोळी आणि बटाट्याची सुकी भाजी नेणारा माणूस, आज डबा न घेताच खराडीच्या ऑफिसला गेला. शनिवारी ऑफिस नसतं हे मला तो गेल्यावर आठवलं.

१८ ऑगस्ट, रविवार

आज मी एक वाईट गोष्ट केली, पण कारण चांगलं होतं. दोन्ही लिहिते.

गणपती जवळ आले. मागच्या मैदानावर ढोलपथकाचा सराव चालू आहे. ओवी कानांवर हात दाबून पलंगाखाली गेली होती. तिला बाहेर काढायला मी पेन्सिलींचा डबा हलवला. त्या आवाजाला ती येते. झाकण उघडलं, ओल्या मातीसारखा वास आला, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

ओवीच्या वेळी मला याच पेन्सिलींचे डोहाळे होते. सगळे हसायचे. माय यवतमाळहून अख्खा डबा घेऊन आली होती, "खा बाई, डोहाळा राहू देऊ नये." उरलेल्या पेन्सिली पुढे ओवीला सापडल्या आणि तिचं खेळणं झाल्या. आता मला पुन्हा तेच व्हायला लागलं आहे. एक अर्धी मी तोंडात घातलीसुद्धा होती, थुंकली.

डबा पिशवीत घातला आणि खाली कचऱ्याच्या गाडीत टाकून आले. या बाळाला माझ्यापासून वाचवायचं होतं.

ओवी पलंगाखालून निघाली. फ्रिजपाशी बसली, हात पुढे केला. मग तिला कळलं. दुपारपासून रडते आहे. ढोल थांबले तरी ती थांबली नाही.

आई एवढंच म्हणाल्या, "पोरीचं खेळणं होतं ते." मग म्हणाल्या, "शिरा करणार होते. नको, राहू दे." बशी परत मांडणीत ठेवली. माझ्यावरचा राग त्या असा काढतात.

१० सप्टेंबर, मंगळवार

काल गणपती बसले. आईंनी नैवेद्यापुरतेच पाच मोदक केले. मला वाढायला आल्या आणि माझ्या पानाशी थबकून परत गेल्या.

मी भात सोडला आहे, पोळी अर्धी. जेवणानंतरची साखर छान येते. आकडा पाहिला की इतकं हलकं वाटतं.

५ ऑक्टोबर, शनिवार

मायला फोन केला. सातव्यात डोहाळजेवण करू असं वरद म्हणत होता, त्यासाठी ये म्हटलं. "माहा पाय दुखून राहिला," म्हणाली. मागच्या आठवड्यात हाच पाय घेऊन ती मामाच्या शेतात गेली होती.

मग तिने हळूच विचारलं, "बाई, त्या पेनसिली खातेस का अजून?"

"नाही. टाकून दिल्या सगळ्या."

मग म्हणाली, "बरं केलं. बरं केलं माय." आणि फोन बाबांना दिला.

म्हणजे मायलाही वाटतं की माझ्या खाण्यानेच झालं. कोणी तोंडावर म्हणत नाही एवढंच. माझी सख्खी आई माझ्या डोहाळजेवणाला येत नाही, याहून स्पष्ट ते काय म्हणणार?

थेरपीच्या ताई म्हणाल्या, ओवी वर्गात गप्प झाली आहे. मी नव्या रंगीत काड्या आणल्या. तिने हुंगून पाहिल्या आणि खाली ठेवल्या.

२ नोव्हेंबर, शनिवार

उद्या लक्ष्मीपूजन आणि घरात फराळाचा वास नाही. आईंनी बेसनसुद्धा आणलं नाही. गेल्या वर्षीपर्यंत ज्या बाईचे लाडू शनिवार पेठेतून लोक मागून न्यायचे, ती म्हणते, "यंदा हात दुखतात." माझ्याभोवती सगळ्यांचे हातपाय दुखायला लागले आहेत.

दुपारी त्या देवासमोर बसलेल्या दिसल्या. मला वाटलं पोथी वाचतायत. पुस्तक मिटलेलं होतं. मला पाहून म्हणाल्या, "श्रद्धा, तो शिरा... ओवीच्या वेळी मी फार गोड करत होते का गं?"

"नाही हो, बेताचाच असायचा," मी म्हटलं. मनात आलं, आता शीट बघितली असणार. शिऱ्याचा कॉलम वाचून दुखावल्या. मी वरदला किती वेळा सांगितलं, लॅपटॉप उघडा ठेवू नकोस.

ओवी जेवली. कात्रज डेअरीचं दही, भात, स्टीलची छोटी वाटी. हे तीन असले की तिचं भागतं. तिचं जेवण बघून मला हेवा वाटला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

काल ऑफिसात चक्कर आली. पायऱ्या उतरत होते, यज्ञेश्वर सरांनी दंड धरला म्हणून पडले नाही. त्यांनी गाडी काढली, दवाखान्यात नेलं, आणि वाटेत एवढंच म्हणाले, "ते 'जेवणार नाही' मी गमतीत म्हणायचो."

वरद खराडीहून बाइकवर आला. माझ्या पलंगाशी बसला तो हेल्मेट घालूनच. तास झाला तरी त्याच्या लक्षात आलं नाही. नर्स म्हणाली, "साहेब, इथं छत आहे." तेव्हा काढलं.

सोनोग्राफी झाली. बाळ लहान आहे. या महिन्यात वाढायला हवं होतं तेवढं वाढलेलं नाही. माझं वजन वाढायच्या ऐवजी उतरलं आहे, रक्त कमी आहे.

डॉक्टरबाई आज मात्र चिडल्या. "मी उपाशी राहू नका म्हणाले होते. काय ऐकलंत तुम्ही?"

मी जे ऐकलं ते सांगितलं. पेन्सिलींचंही सांगितलं.

"ते लोह कमी झाल्याचं लक्षण आहे. तेव्हाही असेल, आत्ता तर आहेच. पेन्सिल खायची नाही, गोळ्या घ्यायच्या. आणि जेवायचं." मग खुर्ची जवळ ओढून म्हणाल्या, "जे कदाचित होईल त्याला घाबरून तुम्ही बाळाला आत्ता उपाशी ठेवताय. दोन आठवडे देते. वजन वाढलं नाही तर दाखल करून घेईन."

घरी आल्यावर आईंनी पान वाढलं. मुगाची आमटी, पालक, ज्वारीची भाकरी, सगळं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी घास उचलला. आणि मला वाटलं, हा घास जर तो असेल तर? ज्याने पुढे काहीतरी होतं, तो हाच असेल तर?

मी उठले तेव्हा अर्धी भाकरी पानात तशीच होती.

इतका साधा घास घशाखाली उतरत नाही, आणि त्यावर एक जीव अवलंबून आहे. हे वाक्य खरं आहे. कोणी पुसलं तर बरं होईल.

१७ नोव्हेंबर, रविवार

बाबा आले. वरदने त्यांना फोन केला होता, मला न सांगता. सकाळी दारात उभे, धोतराला प्रवासाच्या सुरकुत्या, हातात कापडी पिशवी. माय नव्हती.

चहा झाला. बाबांनी पिशवीतून लाकडी चौकटीची पाटी काढली आणि पेन्सिलींचा नवा डबा. "यवतमाळच्या स्टँडवर भेटली. ओवीले शिकवाले पायजे आता. तुले शिकवलं तसं."

मी उठूनच उभी राहिले. "बाबा, ते नको. ते आत ठेवा."

उशीर झाला होता. डब्यातला आवाज ओवीने ऐकला होता. ती धावत आली, बाबांच्या मांडीला खेटून बसली, डबा उघडला आणि जमिनीवर ओळ सुरू केली. तीन महिन्यांनी. तोंडाने तिचं ते गुणगुणणं चालू झालं, तेही तीन महिन्यांनी. वरद माझ्याकडे बघत होता, नको ओरडूस, अशा डोळ्यांनी.

बाबा म्हणाले, "काय सुंदर लावून राहिली पोरगी. एक इकडची तिकडं नाई." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुही माय आली नाई. घरात रडून राहिली. म्हणते, पेनसिलीचा डबा मी नेला होता पोरीसाठी, मीच नातीचं वाटोळं केलं. कोन्या तोंडानं जाऊ, म्हणते."

मी खाली बसले. मला वाटत होतं... जाऊ दे, मला काय वाटत होतं ते या वहीत आहेच.

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज थांबला. आई पदराला हात पुसत दारात आल्या. "नागोराव, दुर्गाबाईंना सांगा, रोज सकाळी साजूक तुपातला शिरा मी खाऊ घालत होते. वाटीभर. दोन जिवांची आहेस म्हणून वर आणखी एक डाव. रांगेत पहिला नंबर माझा आहे. त्या मागून आल्यात, त्यांनी मागेच उभं राहावं."

एवढं बोलल्या आणि त्यांचा आवाज फाटला. मी आईंना रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनीही बहुधा स्वतःला पाहिलं नसावं. ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

वरद म्हणाला, "आई, मी किती वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो?"

"चार. तुझे वडील म्हणायचे, बोलायसारखं काही नसेल त्याच्याजवळ."

"मग रांगेत मलाही घ्या." आणि तो ओवीच्या ओळीशेजारी जमिनीवर बसला.

मी बाबांच्या हातातली पाटी घेतली. किती वर्षांनी. ओवीने ओळीतून एक पेन्सिल उचलली आणि माझ्या हातात ठेवली. आजवर तिने कोणाला स्वतःहून काही दिलेलं नाही. ती पेन्सिल टोकाला मोडलेली होती, ओळीत नीट बसत नव्हती, म्हणूनही दिली असेल. माहीत नाही. पण देताना क्षणभर माझ्या हाताकडे बघत होती.

मी लिहिलं: ओवीचं माझ्यामुळे झालं.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. बाबांनी मला बरं वाटावं म्हणून आयुष्यात कधी काही पुसलेलं नाही. म्हणाले, "तुले माहीत आहे?"

"वाटतं."

"वाटते ते नाई इचारत. माहीत आहे?"

डॉक्टरबाईंचं आठवलं. ते सगळे लेख आठवले. शीटमधल्या सगळ्या रकान्यांतून मी पुन्हा एकदा फिरून आले. "नाही," म्हटलं. "माहीत नाही."

"मग?"

त्यांनी तळहात फिरवला. पांढरी धूळ त्यांच्या धोतरावर पडली, ती त्यांनी झटकलीही नाही. "दुसरं लिही."

पाटी माझ्या मांडीवर राहिली. आई आत आमटीला फोडणी देत होत्या, लसणाची. पोटात बाळ हललं. आणि मग बाळाचं नव्हे, माझं पोट आवाज करून गेलं. मला हसू आलं. कित्येक दिवस मी तो आवाज साखरेच्या आकड्यांखाली दाबून ठेवला होता.

मी लिहिलं: मला भूक लागली आहे.

आईंनी दारातून मान वाकडी करून वाचलं. "एवढं लेखी कळवायची काय गरज होती? हाक मारायची. चल, बस पानावर."

दोन भाकरी खाल्ल्या. आमटी दोनदा घेतली. आई वाढताना थबकल्या नाहीत. दुसऱ्या भाकरीला मला भीती वाटली, वाटतच होती, तरी खाल्ली. दुपारी मायला फोन केला आणि सांगितलं की आईंनी तिला रांगेत मागे उभं केलं आहे. ती आधी रडली, मग म्हणाली, "तुही सासू लय टोचून बोलते. येते मी. पाय बरा आहे आता."

आता दिवेलागण झाली. ओवीची ओळ फ्रिजपासून सिलिंडरपर्यंत पोचली आहे आणि पाटी ओळीच्या शेवटी भिंतीला टेकवून ठेवली आहे.

बाबांनी पुसलेली नाही.